साहेबाच्या संदुकीची पोच

उमरखेडच्या बस स्टँडमागच्या गल्लीत माझं बॅग-दुरुस्तीचं दुकान आहे. चेन बसवणं, चाकं बदलणं, पट्टे शिवणं, हरवलेल्या किल्लीची कुलपं उघडणं, अशी कामं. माझे वडील पत्र्याच्या पेट्या बनवायचे. लग्नात मुलीला पेटी द्यायची रीत होती तोवर उन्हाळ्यात आम्हाला जेवायला फुरसत नसे. पुढं लोखंडी कपाटं आली, पेट्या बंद पडल्या आणि मी बॅगांकडे वळलो. आता बॅगाही फारसं कोणी दुरुस्त करत नाही. चेन गेली की लोक नवी घेतात. पण हे मी पुढच्या गोष्टीला सबब म्हणून सांगत नाही. मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली, घरात मी आणि बायको दोघंच, आणि दोन वेळचं नीट चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात दुकानासमोर एक गाडी थांबली. नागपूरकडचा माणूस होता, चाळिशीचा, बोलायला मऊ. जुन्या वस्तू गोळा करून हॉटेलांना विकायचा त्याचा धंदा. त्यानं फोनवर एक फोटो दाखवला.

"हे काय आहे ओळखता का, काका?"

पुरुषभर उंचीहून थोडी कमी अशी एक पेटी उभी होती. ती मधोमध पुस्तकासारखी उघडलेली. एका बाजूला कपडे टांगायचे लाकडी हँगर, दुसऱ्या बाजूला एकाखाली एक खण, कोपऱ्यांना पितळ, कडेनं रिबिटांची रांग.

"ओळखतो," मी म्हणालो. "अशा एका पेटीचं बूड मी आणि माझ्या वडिलांनी बदललंय."

तो स्टुलावर बसला. आगबोटी आणि रेल्वेच्या जमान्यात पैसेवाले लोक अशा पेट्या घेऊन प्रवास करायचे, असं त्यानं सांगितलं. बोटीच्या खोलीत नुसती उभी केली की कपाट तयार, घडी मोडायला नको. इंग्रजीत तिला वॉर्डरोब ट्रंक म्हणतात. मग त्यानं मला विचारलं, बूड कसं बदललं, रिबिटं कुठून आणली, आतल्या कापडाला धक्का न लावता पत्रा कसा वाकवला. मी सांगत गेलो. त्यानं वडिलांची ऐरण हात लावून पाहिली. दोनदा चहा झाला. माझ्या कामाबद्दल इतकं कोणी विचारल्याला कित्येक वर्षं झाली होती. त्या तासाभरात मी त्याला सांगून टाकलं की ती पेटी फुलसावंगीच्या पलीकडच्या एका तांड्यात आहे.

त्या पेटीची हकीकत मला वडिलांच्या वेळेपासून माहीत होती. मी बावीस-तेवीस वर्षांचा असताना तांड्यातला एक माणूस बैलगाडी घेऊन आमच्या दुकानी आला होता. चाळिशीचा असेल तेव्हा. त्याला तांड्यात सगळे बापू म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. तो म्हणाला, पेटी दुरुस्त करायची आहे, पण पेटी घराबाहेर काढता येत नाही, तुम्हीच चला. वडील आणि मी हत्यारं घेऊन त्याच्याच गाडीतून गेलो. मातीच्या भिंतींचं, वर टिनाचं घर. आतल्या खोलीत चार दगडांवर ती पेटी उभी होती. तिच्यावर आगबोटीचं चित्र असलेले, पिवळे पडलेले कागद चिकटवलेले होते.

वडिलांनी विचारलं तेव्हा बापूनं सगळं सांगितलं. त्याच्या घराण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या माल वाहायचं. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून मुलूखभर फिरायचं, त्याला ते लदेणी म्हणत. रेल्वे आली तशी लदेणी संपली आणि लोक तांड्यात स्थिर होऊन शेती करू लागले. तरी बापूचा बाप बैलगाड्यांवर भाडं करायचा. जंगल खात्याचा एक गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला होता. त्याचं सामान यवतमाळच्या छोट्या रेल्वेगाडीपर्यंत पोचवायचं होतं. तिथून रेल्वेनं मुंबई आणि पुढं आगबोट. वाटेतल्या एका नाल्यात ही पेटी असलेल्या गाडीचा आस मोडला. बोटीचा दिवस ठरलेला, साहेबाला थांबता येईना. त्यानं एक चिठ्ठी लिहून बापूच्या बापाच्या हातात दिली. माणूस पाठवतो, तोवर सांभाळ, असं सांगून तो बाकीच्या गाड्यांबरोबर पुढं गेला. आस नीट करून बापूचा बाप पेटी घेऊन यवतमाळच्या स्टेशनवर जाऊनही आला. साहेब निघून गेला होता. स्टेशन मास्तर म्हणाला, कोणाच्या नावानं पाठवू, पत्ता आण. पत्ता नव्हता. पेटी परत आली. माणूस काही आला नाही.

"मंग आता तुमचीच झाली म्हना," माझे वडील म्हणाले.

"नाही," बापू म्हणाला. "दुसऱ्याचा माल हाय. पोच येईस्तोवर आपल्या अंगावर राह्यते. बाप मरताना मले हेच सांगून गेला."

पेटी कधीच उघडलेली नव्हती. पण बुडाला वाळवी लागली, कडी गंजली आणि एक दिवस एक बाजू आपोआप उघडली, म्हणून तो आमच्याकडे आला होता. आम्ही ती पूर्ण उघडली तेव्हा बापूच्या बायकोनं तोंड फिरवलं. परक्या घरात डोकावल्यासारखं तिला वाटलं असावं. आत पुरुषाचे दोन कोट होते, मडमेचा एक निळा रेशमी झगा, काही पांढरे कपडे आणि सगळ्यात खालच्या खणात लहान मुलाचे तपकिरी जोडे, बाजूला बटणं असलेले. वडील म्हणाले, कपड्यांना वारा लागला नाही तर कुजतील. त्या दिवसापासून बापूच्या बायकोनं ते काम आपल्याकडे घेतलं. दरवर्षी दिवाळी झाली की ती आंगणात दोरी बांधायची, साहेबाचे कपडे उन्हाला घालायची, लिंबाचा पाला घालून पुन्हा त्याच हँगरवर लावायची. त्यांचे स्वतःचे कपडे खताच्या रिकाम्या पोत्यात, खिळ्याला. पुढं कधी ती उमरखेडला आली तर दुकानात येऊन मला सांगायची, औंदा एका बाहीला कसर लागली होती, मी काढली. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.

तांड्यातले लोक ऊसतोडीला जायचे तेव्हा सहा-सहा महिने घरांना कुलपं असत. बापू मागं राही. सगळे गेले तरी पेटीपाशी कोणीतरी हवंच.

ती पेटी विकत मिळेल का, असं नागपूरवाल्यानं विचारल्यावर मी आठवड्याभरात फुलसावंगीला गेलो आणि तिथून ऑटोनं तांड्यात. बापू ऐंशीच्या पुढं गेला होता. एका डोळ्यात मोतीबिंदू, पण पाठ ताठ. त्याचा मुलगा तेव्हा गावी आलेला होता. तो पुण्याकडे बांधकामांवर राखणदारी करतो, बायको-पोरं तिकडेच. आधी त्यानंच मला हातपंपाशी गाठलं.

"काका, ते संदूक कोनी नेत असन त नेऊ द्या," तो म्हणाला. "बाप तिच्यापायी इथं एकटा राहून राह्यला. डोळ्याचं आपरेशन करू म्हनलं, त चार दिवस घर सोडाले तयार नाही. मी सांगून थकलो."

मी आत जाऊन बापूला विचारलं, विकतो का. तो चिडला नाही.

"मिस्त्री, ते माही नाही," तो म्हणाला. शेजाऱ्याचं वावर कोणाचं असं विचारल्यावर माणूस सांगतो, तसं.

मी परत आलो आणि नागपूरवाल्याला फोनवर सांगितलं, तो माणूस देणार नाही.

"मग कोणाला देईल?" त्यानं विचारलं.

"साहेबाच्या माणसाला देईल फक्त."

तो हसला. "मग झालं की," म्हणाला. त्यानं तेवढंच म्हटलं. पुढचं सगळं माझं आहे.

मी पुन्हा तांड्यात गेलो आणि बापूला सांगितलं की साहेबाच्या नातवानं विलायतेहून चौकशी केली आहे. आता कॉम्प्युटरवर कोणीही कोणाला शोधू शकतं, त्यानं जुनी पेटी दुरुस्त करणारे शोधले आणि माझा पत्ता लागला. बापूनं साहेबाचं नाव विचारलं. चिठ्ठीखालची सही मी त्या पहिल्या वेळी वाचलेली होती, ती मला पाठ होती. मी नाव सांगितलं.

बापू उठला, बाहेर जाऊन हातपाय धुतले, डोक्याला पटका बांधला आणि परत येऊन माझ्यासमोर बसला.

"कवा येते ते?"

"ते येत नाहीत. त्यांचा माणूस गाडी घेऊन येईल. पुढं मुंबईहून जाईल पेटी."

"बोटीनं?"

"हो."

"आता त इमानानं जाते म्हन्ते सारं," बापू म्हणाला. विमानाला तो इमान म्हणायचा.

चौथ्या दिवशी टेम्पो आला. बापूनं तांड्याच्या नायकाला आणि चार शहाण्या माणसांना बोलावून घेतलं होतं. त्यांच्यासमोर पेटी उघडली, एकेक वस्तू दाखवली, पुन्हा बंद केली. बापानं दिलेली चिठ्ठी त्यानं वरच्या खणात ठेवली, मालाबरोबर कागद गेला पाहिजे म्हणून. नागपूरवाल्याच्या माणसानं सांभाळणुकीचं म्हणून काही पैसे पुढं केले, त्यांना बापूनं हात लावला नाही. टेम्पोवाल्याला फक्त म्हणाला, नाल्यात हळू ने. मग माझ्याकडे वळला.

"पोच आनजो, मिस्त्री."

मला माझा वाटा मिळाला. त्यातून दुकानाला नवं शटर लावलं आणि घरी कूलर घेतला. बायकोला सांगितलं, एक जुनी पेटी विकून दिली. ती म्हणाली, चांगलं झालं.

मी मनाशी म्हणत होतो की बापू सुटला. आता मुलगा त्याला घेऊन जाईल, डोळा नीट होईल. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच तो दुकानात हजर. फुलसावंगीहून बसनं आलेला, हातात काठी. स्टुलावर बसला.

"पोच आली?"

"एवढ्यात कशी येईल, बापू? लांबचा रस्ता आहे."

"हाव. लांब हाय."

थोडा वेळ बसून तो गेला. पुढच्या बाजारी पुन्हा आला. त्याच्या पुढच्या बाजारीही. कधी म्हणून मला उलट प्रश्न केला नाही. मी जे सांगीन ते ऐकायचा, मान हलवायचा आणि दोनच्या गाडीनं परत जायचा. एकदा मी विचारलं, मुलाकडे कधी जाणार? तो म्हणाला, "पोच आली की जातो. त्याच्याबिगर कसा जाऊ? तवर माल रस्त्यावरच हाय ना." पेटी घरात होती तोवर तो निदान तिच्याजवळ होता. आता त्याला बसमध्ये चढता येत नव्हतं तरी दर आठवड्याला यावं लागत होतं. कंडक्टर त्याला हाताला धरून उतरवायचे.

चार महिने असे गेल्यावर मी पोच तयार करायचं ठरवलं. ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याला मी मराठीत सांगितलं, त्यानं इंग्रजीत टाइप केलं आणि वर आगबोटीचं चित्र टाकून दिलं. पेटी सुखरूप मिळाली, दोन कोट, निळा झगा, पांढरे कपडे, मुलाचे जोडे, सगळं ठीक आहे, आपल्या वडिलांचे आणि आपले फार उपकार आहेत. खाली साहेबाचं आडनाव. मी दर रविवारी विहारात जातो. तिथं पाच शीलं म्हणतो, त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. त्या रविवारीही मी ते म्हणालो. आवाज थोडा खाली ठेवला असेल. शेजारच्याला कळलं नाही.

बापूनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. काय लिहिलंय ते मला तीन वेळा वाचून दाखवायला लावलं. वडिलांचा उल्लेख होता तिथं त्यानं मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला सांगितलं.

त्यानं तांड्याला जेवण दिलं, त्यासाठी मुलगाही गावी आला होता. मला आग्रहानं बोलावलं. डाळ-बाटी आणि लापशी होती. मला नायकाच्या शेजारी बसवलं. जेवणं सुरू व्हायच्या आधी बापू काठी धरून उभा राहिला. बापाच्या गाडीचा आस नाल्यात मोडला ती गोष्ट त्यानं पहिल्यापासून सांगितली. शेवटी म्हणाला, "बापाचा माल पोचला. आता माह्या अंगावर काही नाही." म्हाताऱ्या बायांनी डोळे पुसले. मी लापशी खाल्ली. चांगली झाली होती.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी तो पुन्हा दुकानात आला. बाजाराचा दिवस नव्हता. हातात फडक्याची गाठोडी. सोडली तर आत ते तपकिरी जोडे.

"मुलाकडं जाचं म्हनून घर आवरून राह्यलो होतो," तो म्हणाला. "कोठीमागं डब्यात हे सापडले. तिनंच ठेवले असन, उंदरांपासून. अन मले माहीत नाही. त्या दिवशी सारं दाखवलं तवा खालचा खण काही मी उघडला नाही, वाकता येत नाही म्हनून."

मी जोड्यांवरची धूळ फडक्यानं पुसली.

"पन मिस्त्री, पोचीत त जोडे लिवले हायेत. तू वाचलं होतं. जोडे इथं, मंग त्याइले कसे भेटले?"

त्याला माझा संशय आला नव्हता. तो खरोखर कोड्यात पडला होता. त्यानंच उत्तरही काढलं. "नातवानं खण उघडूनच पाह्यला नसन. आपल्या भरोशावर लिवून देल्लं. हे बरं नाही झालं. चुकीची पोच ठेवता येत नाही. तू जोडे पाठव अन नवा कागद मागव."

मी हो म्हणालो. तो गेल्यावर दुकान बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं नागपूरला गेलो. काय करायचं हे नक्की ठरलेलं नव्हतं. पेटी परत मिळाली तर घेऊन यायची, त्याच्या पायाशी ठेवायची, इतकंच डोक्यात होतं.

नागपूरवाल्याचं गोदाम गावाबाहेर होतं. जुने दरवाजे, झोपाळे, पितळी घंगाळी, एकावर एक. त्यानं मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. पेटी कुठल्याशा डोंगरातल्या हॉटेलात गेली होती. त्यानं कौतुकानं फोटो दाखवला. खण काढून टाकून तिथं काचेच्या फळ्या बसवलेल्या, त्यावर दारूच्या बाटल्या. हँगरच्या दांडीला पेले उलटे टांगलेले. आत बारीक दिवा. बाहेरचे आगबोटीचे कागद घासून काढून पॉलिश केलेलं.

"कपडे होते तिच्यात," मी म्हणालो.

"कुजलेले होते हो काका. एक-दोन एका फोटोवाल्यानं नेले. बाकी कचऱ्यात गेले."

"कुजलेले नव्हते," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "जुने होते ना पण."

चिठ्ठीचं विचारलं तर त्याला अशी काही चिठ्ठी आठवत नव्हती. तो खोटं बोलत नसावा. त्याच्या माणसांनी खण उपटले तेव्हा कागदाचा एक तुकडा कुठं गेला, हे त्याला कशाला ठाऊक असेल? निघताना त्यानं मला दरवाज्यापर्यंत सोडलं आणि अजून कुठं काही दिसलं तर कळवा म्हणाला.

दोन दिवसांनी मी जोडे घेऊन तांड्यात गेलो. दुपारची वेळ होती. बापू दारात बाजेवर बसला होता. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं आलं नसतं.

तो ऐकत होता. मी संपवल्यावर म्हणाला, "म्हंजे साहेबाचा नातू नाही."

"नाही."

"कागद?"

"मीच करून आणला."

"अन ते निळं? मडमचं?"

"फेकलं त्यांनी."

तो रस्त्याकडे पाहू लागला. शेजारच्या घरात कोणीतरी मिरच्या कुटत होतं, तो आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "तिनं त्याले एक भोक पडू देल्लं नाही."

मी म्हणालो, मला माफ करा. त्यानं ते ऐकलं न ऐकलं केलं.

"रविवारी नायकाच्या दारात सारे बसते," तो म्हणाला. "तू ये. जे मले सांगितलं ते त्याइले सांग. मी त्याइले लापशी खाऊ घातली. बापाचं नाव घेऊन खोटं बोललो मी साऱ्यासमोर. तू सांगशीन तवा ते उतरन."

"येतो," मी म्हणालो.

त्यानं जोडे माझ्या हातातून घेतले, फडक्यात गुंडाळले आणि आत नेले. बाहेर आला नाही. थोडा वेळ वाट पाहून मी निघालो.

रविवारी सकाळी मी स्टँडवर गेलो. फुलसावंगीकडची गाडी लागलेली होती. ड्रायव्हर जागेवर बसलेला, कंडक्टर आवाज देत होता. मी दरवाज्याच्या दांडीला हात लावून उभा राहिलो. मागची एक बाई म्हणाली, भाऊ, चढता का सरकता. मी सरकलो. ती चढली, तिच्यामागची माणसं चढली. गाडी निघाली. मी गल्लीत येऊन दुकान उघडलं. बायकोला नंतर सांगितलं की जाऊन आलो. तिला आता सगळं माहीत होतं, नागपूरहून आल्यावर मी सांगितलं होतं. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं, तांड्याच्या लाल मातीतून आलेला माणूस कसा दिसतो हे तिला कळतं. मग जेवायला वाढलं.

महिनाभरानं बापूचा मुलगा दुकानात आला. मोठी बॅग होती, चेन गेलेली. बापाला घेऊन पुण्याला निघाला होता, कपडे मावायला दुसरी बॅग नव्हती. मी बॅग घेतली आणि जुनी चेन उसवायला लागलो.

"बापू कसे आहेत?"

"बोलत नाही. जेवते, झोपते. पुन्याला चाल म्हनलं त चाल म्हने. कुठंबी ने म्हन्ते आता."

"डोळा?"

"नको म्हन्ते. काय पाहू म्हन्ते."

मग त्यानंच त्या रविवारचं सांगितलं. सगळे जमले होते. बापूनं दुपारपर्यंत रस्त्याकडे पाहत वाट पाहिली. मग उठला आणि म्हणाला, पोच खोटी निघाली, माल माझ्या हातून गमावला. कसा, कोणी, हे लोकांनी खूप विचारलं. शहरातल्या लोकांनी फसवलं एवढंच तो म्हणाला. माझं नाव घेतलं नाही. मुलाला मात्र त्यानं घरी सगळं सांगितलं होतं.

मी चेन बसवत होतो.

"काका, तुमी संदूक नेली त्याचा मले राग नाही," मुलगा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मीच म्हनलं होतं, नेऊ द्या. कागद आनून देल्ला तेबी बरं झालतं. ते दहा दिवस बाप कसा होता, तुमी पाह्यला नाही. तांड्यातल्या पोराइले गोष्टी सांगे. सोताच सामान बांधून राह्यला होता. मंग खरं सांगाले काहून आले तुमी?"

"जोडे आणले त्यांनी," मी म्हणालो. "पोच चुकीची होती."

"घ्याचे अन फेकून द्याचे. पाठवले म्हनाचं. तुमाले काय जड होतं? एवढं खोटं बोलले होते, त्यात अजून एक."

मी चेनचं टोक शिवून दोरा तोडला. खरं सांगायला का गेलो, हे मी आजही स्वतःला विचारतो. नुसता लोभ होता म्हटलं तर मी कबूल कशाला करायला गेलो, आणि पश्चात्ताप होता म्हटलं तर रविवारी त्या गाडीत का चढलो नाही? दोन्ही वेळा मी माझंच ओझं हलकं करत होतो, असं कधी वाटतं. तेही नक्की सांगता येत नाही.

मी बॅग त्याच्यापुढं केली. त्यानं चेन दोनदा ओढून पाहिली. चहा विचारला तर नको म्हणाला, गाडी लागली होती.

त्याला आता दोन वर्षं झाली. मुलाचा नंबर लागत नाही. बापू आहे की गेला, मला ठाऊक नाही. तांड्यातल्या लोकांना विचारता येईल, पण मी विचारत नाही. ते मात्र पहिल्यासारखेच दुकानात येतात, ऊसतोडीला जायच्या आधी तर हमखास. मला मिस्त्री म्हणतात, स्टुलावर बसतात, चहा घेतात. कोणीतरी कधी बापूचा विषय काढतो. शहरातल्या कुण्या हरामखोरानं म्हाताऱ्याला कसं लुबाडलं ते मला रंगवून सांगतो आणि विचारतो, तुमी त तवा होते ना तिथं, मिस्त्री, तुमाले बी समजलं नाही काय?

मी म्हणतो, नाही समजलं. आणि चेन बसवत राहतो.